उंदरांच्या गेमचा बादशाह

दया सिस्टरचा राग अख्ख्या श्रीरामपूरला माहीत आहे. पेशंटच्या खाटेवर बसून नातेवाईक भेळ खायला लागले, तर ती भेळ कागदासकट उचलून दवाखान्याबाहेर नेऊन ठेवते. डॉक्टर उशिरा आले तर त्यांचीही खैर नाही. पण हे राग दिवस मावळायच्या आत विरतात. एकच राग तिनं तीसेक वर्षं जपलाय, आणि ज्याच्यावर तो आहे त्याला आपण काही केलंय हेच मुळी कबूल नव्हतं. तो म्हणजे तिचा थोरला भाऊ सायमन.

त्याचं असं झालं. त्यांच्या पप्पांचं घराच्या पुढच्या खोलीत व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. सगळ्यात जास्त झुंबड एका मशीनवर. पडद्यावर गल्ल्यांचं जाळं, त्यात दाणे टिपत पळणारा उंदीर आणि मागे लागलेले चार बोके. त्याला सगळे उंदरांचा गेम म्हणायचे. पोरींनी पार्लरमध्ये पाऊल टाकायचं नाही, हा पप्पांचा कायदा. स्वतःची पोरगी असली म्हणून काय झालं! पण रविवारी दया चर्चमधलं संडे स्कूल उरकून स्वयंपाकाला घरी यायची, तेव्हा बाकीचे उपासनेला निघालेले असायचे. मशीन तापायला वेळ लागतो म्हणून पप्पा जातानाच बटणं चालू करून जात. मग काय! मटण शिजत टाकायचं आणि मधल्या दारानं पार्लरमध्ये शिरायचं. कुठला बोका कुठे वळतो हे तिला पाठ झालं होतं. तिचा स्कोअर थेट सगळ्यांच्या वर जायचा. मशीन नाव विचारायची, तेव्हा पप्पांच्या धाकानं ती सायमनचं टाकायची.

सायमनला ते चांगलंच फावलं. प्रवचन सुरू झालं, की हा गडी मागच्या बाकावरून सटकायचा आणि टपरीवर मित्रांत रमायचा. "कुठं उलथला होतास?" असं पप्पांनी विचारलं, की घरी खेळत होतो म्हणत स्कोअरकडे बोट दाखवून मोकळा. पहिल्यांदा पप्पांनी कानाखाली वाजवली. पुढे मात्र तेच गल्लीभर सांगत सुटले, "आमच्या सायमनसारखा गेम तालुक्यात कोणी खेळत नाही!" चारचौघांत खेळून दाखव म्हटलं, की बादशाहांचा हात दुखायचा. स्टेलावहिनी लग्न होऊन घरात आल्या त्या हीच कीर्ती ऐकत. एकदा दयाला राहवलं नाही, जेवताना तिनं सगळ्यांसमोर खरं सांगून टाकलं. तर सायमन काय म्हणाला? "स्वप्नंबिप्नं पडतात का गं तुला?" सगळे खो खो हसले. दया ताटावरून उठली, आणि तो घास अजून तिच्या घशाखाली उतरलेला नाही.

आणि परवा नगरहून हर्षलचा फोन आला. त्याचे वडील बिभीषण शाळा बुडवून या पार्लरमध्ये पडीक असायचे. हर्षलनं सावेडीत गेम झोन काढला होता आणि उंदरांचा गेम नव्या रूपात तिथं आला होता. उद्घाटनाचा पहिला डाव सायमन अंकलनीच खेळायचा, असा त्याचा हट्ट. सायमननं जॅकेट इस्त्रीला टाकलं आणि दयाला म्हणाला, "तू पण चल."

एसटीत स्टेलावहिनी पुढच्या सीटवर डुलक्या घ्यायला लागल्या, तसा तो दयाच्या कानाशी आला. "दये, तिथं तू माझ्या मागंच उभी राहा. वळणं तेवढी हळूच सांग. तुला येतात ना."

दयाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे तुला माहीत आहे! त्या दिवशी मला स्वप्नं पडत होती ना रे?"

"आता कशाला उकरतेस ते? माझ्या नावाचा बोर्ड लागलाय तिथं. अब्रू जाईल माझी."

"आणि माझी हसून हसून घालवलीत ती?"

राहुरीला उतरून परत फिरावं, असं तिच्या फार मनात आलं. पण खरं सांगायचं तर तिला गेम बघायचा होता.

गेम झोनमध्ये कानठळ्या बसवणारं गाणं चालू होतं. दाराएवढ्या पडद्यावर भिंती लखलखत होत्या, बोक्यांना गॉगल चढवले होते. वर भला मोठा बोर्ड, 'श्रीरामपूरचा बादशाह सायमन अंकल'. हर्षलनं सायमनच्या कॉलरला छोटा माईक लावला. "अंकल, खेळता खेळता बोलत राहा. रील करायची आहे."

दयानं ठरवलं होतं, तोंडातून ब्र काढायचा नाही. पहिला उंदीर सायमननं सरळ बोक्याच्या तोंडात नेऊन दिला. लोक "अरेरे" म्हणाले. दुसरा त्यानं अशा मूर्खासारखा कोपऱ्यात घातला, की तिचा जीव कळवळला. तिसरा, म्हणजे शेवटचा, निघाला तेव्हा तिला राहवेना. "उजवीकडं," ती त्याच्या मागून पुटपुटली. गाण्याच्या गोंगाटात ते फक्त त्यालाच ऐकू गेलं. "आता खाली. थांब. वर." या नव्या गेममध्ये भिंती मधूनच सरकत होत्या, त्यामुळे जुन्या वाटा काही कामाच्या नव्हत्या. पण बोक्यांची खोड तीच होती. एक मागं लागणारा, एक पुढून आडवा येणारा. ते तिनं लगेच ओळखलं. स्कोअर चढत गेला, टाळ्या पडायला लागल्या.

तेवढ्यात सायमन माईकवर हसला. "पोरांनो, हे शिकवून येत नाही. अंगातच असावं लागतं."

दयानं तोंड मिटलं.

समोर भिंत सरकली आणि दोन्हीकडून बोके आले. सायमन वाट बघत राहिला. मग मानही न वळवता ओरडला, "दये! डावीकडं का उजवीकडं? अगं सांग की! मला कुठं येतंय हे!"

ते सगळं स्पीकरवर घुमलं. उंदीर गेला. टाळ्या थांबल्या, नुसतं गाणं तेवढं चालू राहिलं.

"अहो, म्हणजे इतकी वर्षं…" म्हणत स्टेलावहिनी त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

पडद्यावर नाव विचारलं जात होतं. एवढं होऊनही सायमनचा हात सवयीनं पुढे गेला! दयानं त्या हातावर फाडकन चापट मारली आणि पडद्यावर बोटानं लिहिलं, दया.

सायमन हात चोळत म्हणाला, "चारचौघांत उघडं पाडलंस. झालं आता समाधान?"

"डोंबलाचं समाधान!" दया कडाडली. "तुझ्या हातानं दोन उंदीर फुकट गेले माझे. सरक तिथून, आणि टोकन घेऊन ये जा. मला खेळायचंय."