चावीकाकांच्या एकशे अठ्ठावीस पायऱ्या

आता मनोऱ्यावरचं घड्याळ विजेवर चालतं आणि वरच्या खोलीला कुलूप असतं. चावीकाकांच्या वेळी तसं नव्हतं. रोज सकाळी आठला एकशे अठ्ठावीस पायऱ्या चढून घड्याळाला चावी द्यावी लागे, आणि एकतीस वर्षं ती काकांनीच दिली. चढताना तोंडाने खणखणीत पाढे, एकवीसपासून तीसपर्यंत. खाली सलूनवाला गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा थांबवून म्हणायचा, "तीस दाहे तीनशे! पोचले काका."

मग न्यूमोनियाने काकांना दीड महिना अंथरुणात पाडलं. उठले ते थेट मनोऱ्यावर, खिशातलं घड्याळ हातात धरून. नेहमीच्या चार मिनिटांत चढायचंच! तेविसाच्या पाढ्यातच धाप लागली, छाती धडधडली, भिंत धरून खाली बसले.

ही बातमी नगरपालिकेत पोचायला चार मिनिटंही लागली नाहीत. साहेब तरुण, रुबाबदार. म्हणाले, "महिन्याभराने माझ्यासमोर चढून दाखवा. नाही जमलं, तर रेकॉर्ड रूममध्ये खुर्ची आहे तुमच्यासाठी."

खुर्ची! काका काकूंना घेऊन तडक डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांनी छाती तपासली. "फुप्फुसं आता साफ आहेत. पण काका, ती नुसता प्राणवायू आत घेतात. तो रक्तातून पायांपर्यंत पोचवायचा हृदयाने. पाय चढायला लागले की दोघांनाही घाई. दीड महिना झोपून दोघांचीही सवय मोडलीय."

"मग किती मिनिटांत चढू?"

"घड्याळ घरी ठेवा. बोलता येईल एवढ्याच वेगाने चढा, बोलणं तुटलं की थांबा. रोज थोडं थोडं वाढवा."

"यांना घड्याळ घरी ठेवा म्हणणं म्हणजे मला गप्प बसा म्हणण्यासारखं," काकू म्हणाल्या, आणि घरी येताच त्यांनी ते पिठाच्या डब्यात लपवलं.

आधी तीस पायऱ्या, मग पन्नास. काकू मागोमाग यायच्या आणि पाढा अडखळला की पदर धरावा तसा सदरा धरायच्या. "अहो, टेका जरा. तीस कुठे पळून जात नाही."

ठरल्या दिवशी साहेब आले. "चला, मीच पुढे होतो," म्हणत दोन-दोन पायऱ्या ओलांडत निघाले. काका मागून आपल्या चालीने. सत्ताविसाच्या पाढ्याला साहेब कठड्यापाशी दिसले. टाय सैल, चेहरा लाल, तोंडाचा आ.

"साहेब, बरं आहे ना?"

साहेबांनी नुसताच हात हलवला.

"मग बसा निवांत. बोलू नका."

काका वर पोचले. श्वास शांत होईपर्यंत थांबले, मग दोन्ही हातांनी चावी फिरवू लागले. बऱ्याच वेळाने खालून क्षीण आवाज आला, "काका... अजून किती पायऱ्या?"

"चव्वेचाळीस. या सावकाश, मी आहे इथेच."

आणि पुढची सहा वर्षं ते तिथेच होते.