कोठीवाल्या बाईचं मरण

रागावायला मला फारसं कारण लागत नाही. चहात साखर जास्त पडली तरी माझा आवाज चढतो, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पण गेल्या वर्षी मी ज्या पुस्तकावर चिडलो त्याची आठवण निघाली की अजून माझे कान गरम होतात, आणि ते रागाने नाही, लाजेने.

पुस्तक आमच्या सरांच्या विज्ञानकथांच्या मालिकेतलं. सर म्हणजे शाळेतले माझे सहकारी. ते विज्ञान शिकवायचे, मी मराठी, आणि दोघेही जानेफळला राहायचो. त्यांनी कागदावर एक यान सोडलं होतं. त्यात माणसं जन्मत होती, मरत होती आणि यान पुढे चाललंच होतं. त्या यानात बियाण्याची कोठी सांभाळणारी एक बाई होती. ज्वारी, तूर, मूग ती राखेत घालून ठेवायची आणि यानाच्या कप्तानाला दरडावून विचारायची, "जेवला काऊन नाही बे?" ही बाई म्हणजे सरांची बायको, हे सगळ्या मेहकर तालुक्याला ठाऊक होतं. वहिनींनाही ठाऊक होतं. विषय निघाला की त्या पदर तोंडाला लावून हसायच्या.

सर गेले तेव्हा यान अर्ध्या वाटेत होतं. प्रकाशकांनी पुण्याच्या एका तरुण लेखिकेकडून पुढचा भाग लिहवून घेतला. वहिनींनी त्याला परवानगी दिली होती, हे तेव्हा आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. पुस्तक आलं आणि आमच्या फोनवरच्या वाचकांच्या ग्रुपमध्ये रोज भांडणं सुरू झाली. साखरखेर्ड्याच्या एका कृषी केंद्रवाल्याने विचारलं, "सरांचं यान आता पुण्यात उतरलं का?" कुणी म्हणालं, सरांचा विनोद गेला. हिवरा आश्रमच्या एका प्राध्यापकांनी बिचकत लिहिलं की कुणीतरी गोष्ट पुढे नेली हेही काही कमी नाही. त्यांच्यावर सगळे तुटून पडले. कारण या भागात कोठीवाली बाई मरते, हे तोवर सगळ्यांना कळलं होतं.

मी तर ग्रुपवर एक लांबलचक टिपणच लिहिलं, खाली पूर्ण नावानिशी. मेलेल्या माणसाच्या ताटावर परस्पर येऊन बसायची ही कुठली रीत, असं त्यात होतं. ज्या बाईने आपल्याला हसवलं तिला मारताना हात कसा थरथरला नाही, असंही होतं. वर केलेल्या अंगठ्यांचा ग्रुपवर पाऊस पडला. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

त्याच आठवड्यात वहिनींनी निरोप पाठवला. त्यांच्या डोळ्यांचा पडदा खराब झाला आहे, अक्षरं मधोमध पुसल्यासारखी दिसतात. नवं पुस्तक घरी येऊन पडलं होतं आणि वाचून दाखवायला कुणी नव्हतं. दुपारी जेवणं झाली की मी जाऊ लागलो.

वहिनींच्या माहेरी पोथीची परंपरा. त्या हातपाय धुऊन, भिंतीला टेकून, पोथी ऐकावी तशा बसायच्या. पोथीचा नियमही त्यांनी या पुस्तकाला लावला होता. आदल्या दिवशी जिथे थांबलो, तिथलं शेवटचं पान दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणायचं आणि मगच पुढे जायचं. आणि रोज एक प्रश्न ठरलेला, "बाई काय करून राह्यली, भाऊजी?"

ते मरणाचं प्रकरण जवळ येत गेलं तसं मी रोज थोडं थोडं कमी वाचू लागलो. नवरा गेलेल्या बाईला तिचंच मरण वाचून दाखवायचं कसं? शेवटी त्या पानावर आलो आणि मी पुस्तकात बघत बघत मनाचंच बोलायला लागलो. माझ्या गोष्टीत यान एका काळ्या मातीच्या ग्रहावर उतरलं. बाईने पेरलं, उगवलं, कप्तानाला तिने पहिली भाकर वाढली. वहिनी ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी मी आणखी पुढे गेलो. गाडीवर जाता-येता माझ्या डोक्यात तोच ग्रह असायचा. आपण सरांपेक्षा फार कमी नाही, असंही एकदा मनात येऊन गेलं. ग्रुपवर त्या लेखिकेला शिव्या घालणारा मी, त्याच ताटावर मांडी ठोकून बसलो होतो आणि मला ते कळतही नव्हतं.

अडलो तो पोथीच्या नियमाने. आदल्या दिवसाचं पान पुन्हा म्हणायचं, आणि पान तर नव्हतंच. एकदा काल पेरलेली तूर आज ज्वारी झाली. मग एका दुपारी त्यांनी हात पुढे करून पुस्तक माझ्या मांडीवरच चाचपलं. उजवीकडची पानं दोन बोटांत धरली.

"पानं सरून नाही राह्यली, भाऊजी."

मी पुस्तक मिटू लागलो, पण त्यांनी बोटं काढली नाहीत.

"तुम्ही सांगून राह्यले. वाचून नाही राह्यले. मेली ना ती?"

मी हो म्हणालो. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हणालो. तुम्हाला त्रास होईल म्हणून असं केलं, असंही काहीतरी पुटपुटलो.

"मले काऊन त्रास होईन?" वहिनी म्हणाल्या. "त्या पोरीनं लिहायच्या आंधी मले फोन केला होता. बाईले मारू का, म्हणे. रडून राह्यली होती बिचारी. म्या म्हटलं, मार. लिहिणारा गेला, आता तिले एकटीले कुठवर चालवशीन? फक्त चांगली मार म्हटलं. मले ते कसं मारलं तेच आयकाचं होतं. आन् तुम्ही मले भाकरी खाऊ घालून राह्यले."

एखाद्याने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. ज्या हक्कावरून मी गावभर भांडलो, तो जिचा होता तिने तो आधीच, मन घट्ट करून, दिला होता. आणि तिला जे हवं होतं तेच मी इतके दिवस तिच्यापासून दाबून ठेवलं होतं.

"वाचा आता," त्या म्हणाल्या.

मी वाचलं. मीही ते प्रकरण पहिल्यांदाच पुरतं वाचत होतो. टिपण लिहिताना पहिल्या चार ओळी पाहून मी पुस्तक मिटलं होतं, हे कुणालाच माहीत नव्हतं. बाई अंथरुणावर असते आणि कप्तानाला जवळ बसवून सांगते, माझ्यामागे कोठी झाडशील तर राख फेकू नको, दाणे तळाशी आहेत. मग विचारते, जेवला का? बस, एवढंच. वहिनींचे डोळे मिटलेले होते.

"राखेचं म्याच सांगतलं होतं तिले," त्या मान डोलावत म्हणाल्या. "हाव. चांगली मेली."

मग त्यांनी मला फोन लावायला सांगितला. मोठ्या आवाजावर ठेवा म्हणाल्या. पलीकडून लेखिका भीतभीत बोलत होती. तुमच्याकडचे वाचक फार रागावलेत काकू, म्हणाली, तिकडच्या एका शिक्षकांचं टिपण कुणीतरी पाठवलं, ते वाचून मी चार दिवस काही लिहू शकले नाही. मी जमिनीकडे बघत होतो. वहिनींनी ते टिपण वाचलं नव्हतं, पण माझ्याकडे त्यांचा चेहरा वळला आणि बराच वेळ तिथेच राहिला.

"तुम्हाला वाचून कोण दाखवतं?" तिने विचारलं.

"आमचे भाऊजी हायेत ना. लई मनापासून वाचतात," वहिनी म्हणाल्या. "थांब, देतो त्याईच्याजवळ."

त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. सगळं बोलून टाकायला ती जागा होती, वेळ होती. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "छान लिहिलंय." तिने आनंदाने माझं नाव विचारलं. मी म्हणालो, आवाज नीट येत नाहीये, आणि फोन वहिनींना परत दिला.