नऊ दाखल्यांची मावशी

पेण ते रोहा या टापूत माझ्या मावशीला अनोळखी असं माणूस उभ्या जन्मात भेटलं नाही. एसटीत शेजारी कुणीही बसो, नागोठणं यायच्या आत तिनं त्याचं आजोळ शोधून काढलेलं असायचं. एकदा तिकीट तपासायला आलेला माणूस उतरताना तिच्या पाया पडून गेला. तो तिच्या हमरापूरच्या मैत्रिणीचा भाचेजावई निघाला! घरात आम्ही तिला हसायचो. पण निडीच्या पलीकडच्या एका कातकरी वाडीतल्या नऊ मुलांना जन्मदाखला नाही म्हणून शाळेच्या दारातून परत पाठवलं, तेव्हा तिचं हे वेड कसं कामाला आलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं.

"जन्माला आली त्याला साक्षीदार असंलच की कोन तरी!" म्हणत ती उठली, ती थेट त्या पोरांची बाळंतपणं केलेल्या म्हाताऱ्या सुइणीच्या दारात. दोन दिवसांत हमरापूरच्या मूर्ती रंगवणाऱ्या बायका, निडीचे शेतकरी, पेणच्या दोन शिक्षिका असा सगळा गोतावळा टेम्पोत भरून आम्ही तालुक्याच्या कचेरीत हजर! आत सगळे एकदमच बोलू लागले. मुलं टेबलाखाली. मावशीचा पदर कमरेला खोचलेला.

कारकून वैतागून म्हणाला, "तोंडी नाय चालनार. लेखी पुरावा आना."

सुईण पुढं झाली. चष्मा सावरत तिनं त्याच्याकडं निरखून पाहिलं.

"तू निडीच्या गोदूचा ना रं? पायाळू व्हतास. दोन दिस आयशीला छळलंस, तवा या हातांनी वडून काढला तुला. तवा कोनी मागितलावता लेखी पुरावा?"

कचेरीत असा हशा उसळला की साहेब केबिनमधून बाहेर आले. कान लाल झालेल्या कारकुनानं आधी म्हातारीला खुर्ची दिली, मग कोऱ्या अर्जांचा गठ्ठा काढला आणि स्वतःच लिहायला बसला. सुईण सांगत होती, गावकरी साक्षीला अंगठे आणि सह्या करत होते. साहेबांनी चौकशी पुरी केली आणि महिन्याभरात दाखले हातात पडले.

नऊतली चौघंच दहावीला पोचली. बाकीची आईबापांबरोबर कोळशाच्या भट्ट्यांवर गेली. मावशी त्यांची नावं एकेक करून घ्यायची.

परवा ती गेली. आम्ही सख्खे भाचे पोचलो, तर ओटीपासून परसापर्यंत माणसं दाटलेली. आम्हाला आत शिरायला जागाच मिळेना.

"तुम्ही तिचे कोन?" दारातल्या एका कातकरी मुलीनं मला विचारलं.