आमचा निर्भीड फळा

आमच्या पेठेच्या चौकात, तालमीच्या भिंतीवर एक मोठा काळा फळा होता आणि त्यावर रोज सकाळी माझे वडील, म्हणजे आप्पा, खडूने लिहीत. डावीकडे बातम्या आणि पावसाळ्यात पंचगंगेची पातळी. उजवीकडे, पेठेत कुणी गेलं असेल तर त्याचं नाव आणि रक्षाविसर्जनाची वेळ. खाली खास राखून ठेवलेल्या जागेत आप्पांचा टोला. तो वाचायला माणसं दुधाची किटली हातात घेऊन चौकात रेंगाळायची. नळाला पाणी आलं नाही की आप्पांनी महापालिकेची अब्रू काढलीच म्हणून समजा. एकदा खड्ड्यांवरून त्यांनी आमच्याच नगरसेवकाला असा धुतला, की तो स्वतः येऊन उभ्याउभ्या फळा वाचून गेला आणि जाताना हसत म्हणाला, "आप्पा, जरा जास्तच झालं की." याचा आम्हाला कोण अभिमान! आम्ही कोल्हापूरची माणसं तोंडावर बोलतो, कुणाच्या बापाला भीत नाही. हे वाक्य मी शाळेपासून म्हणत आले होते.

फळ्याचे सगळ्यांत जुने वाचक म्हणजे मागच्या गल्लीतले गुरुजी. महापालिकेच्या शाळेत शिक्षक होते. मागची गल्ली बौद्धांची. त्यांच्या दारातून पाहिलं तर मागे आम्ही होतो, पण हे आमच्याकडे कुणाला सुचत नसे. गुरुजी सकाळी फिरून येताना थांबायचे, फळा वरपासून खालपर्यंत वाचायचे आणि "आज मिरची कमी पडली आप्पा," असं काहीतरी म्हणायचे. मग आमच्या पायरीवर दोघांचा चहा व्हायचा.

नव्वदच्या दशकातल्या एका पावसाळ्यात गुरुजींची आई वारली. मी तेव्हा कॉलेजात होते. आप्पा अंत्ययात्रेला जाऊन आले. परतताना त्यांनी गुरुजींना विचारून घेतलं, "तुमच्यात रक्षाविसर्जन लिहीत न्हाईत न्हवं? मग फळ्यावर काय लिहू?" जलदान विधी आणि पुण्यानुमोदन, असं गुरुजींनी सांगितलं. ते शब्द विसरू नयेत म्हणून आप्पा घरी येईपर्यंत पुटपुटत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी उजव्या बाजूला म्हातारीचं नाव लिहिलं. वर 'दुःखद निधन', खाली विधीची वेळ. इतरांचं लिहीत तसंच, त्याच वळणदार अक्षरात. पाऊस भुरभुरत होता म्हणून मी त्यांच्यावर छत्री धरली होती. तेवढ्यात तालमीतून वस्ताद बाहेर आले. तालमीचा कारभार त्यांच्याकडे आणि पेठेत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी फळा वाचला. रागावले मात्र नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, कारण आप्पांना रागाला राग देता यायचा.

"म्हातारी लई चांगली व्हती," वस्ताद म्हणाले. "काल मी सोता मातीला गेलतो. पन त्यांचा फळा हाय की समाजमंदिराजवळ. ह्यो आपला हाय."

"फळा पेठेचा हाय न्हवं?" आप्पा म्हणाले.

"व्हय, पेठेचाच. म्हणून तर सांगतोय. उद्या चार पोरं काय बोलली तर तुमालाच तरास."

मग त्यांनी खांद्यावरचा पंचा फळा पुसायच्या बादलीत बुडवला, पिळला आणि आप्पांसमोर धरला. स्वतः फळ्याला हात लावला नाही. नगरसेवकाला धुणाऱ्या माझ्या वडिलांनी तो पंचा घेतला. आधी 'दुःखद निधन' पुसलं, मग विधीची वेळ पुसली आणि शेवटी नाव. रिकाम्या जागेत त्यांनी पंचगंगेची पातळी पुन्हा एकदा, मोठ्या अक्षरात लिहिली.

थोड्याच वेळात गुरुजी आले. शिरोळहून आलेल्या मेव्हण्यांना आईचं नाव दाखवायला बरोबर घेऊन आले होते. फळ्याची उजवी बाजू अजून ओली होती. गुरुजींनी नेहमीप्रमाणे सगळं वाचलं. मेव्हणे म्हणाले, "कुठं हाय?" गुरुजींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"पाणी उतरतंय म्हणायचं, आप्पा," ते म्हणाले.

"व्हय. उतरतंय."

ते दोघे गेले. मला तोंड लपवावंसं वाटलं. छत्री हातात होतीच, मी ती खाली ओढली.

घरी आई म्हणाली, "पुसलंसा ते बरं झालं. ह्याच गल्लीत ऱ्हायाचं हाय आपल्याला." आप्पा त्या दिवशी जेवले नाहीत.

त्यानंतर फळा उलट जास्तच तिखट झाला. मंत्री झाले, साखरसम्राट झाले, दिल्लीवाले झाले, कुणी सुटलं नाही. पेठ खूश होती. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, यालाच आम्ही निर्भीडपणा म्हणत होतो. आमच्या फळ्यावर देशातल्या कुणालाही शिव्या देता येत होत्या. फक्त मागच्या गल्लीतल्या एका मेलेल्या म्हातारीचं नाव लिहिता येत नव्हतं. गुरुजी रोज यायचे, वाचायचे, नमस्कार करायचे. चहाला बोलावलं की "आत्ताच झाला" म्हणायचे. त्या पायरीवर ते पुन्हा कधी बसले नाहीत.

त्याच हिवाळ्यात कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेला विषय आला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा. मी काय केलं असेल? आप्पांच्या फळ्यावर बोलले. नगरसेवकाचा किस्सा सांगितला, हंशा घेतला, शेवटी आवाज चढवून टाळ्याही घेतल्या. आप्पा ऐकायला आले होते. सगळे टाळ्या वाजवत असताना ते खाली मान घालून नखांत अडकलेला खडू कोरत बसले होते. मला पहिला करंडक मिळाला. आईने तो टीव्हीवर ठेवला आणि पुढे कित्येक वर्षं आल्यागेल्या प्रत्येकाला दाखवला. तिने विषय सांगितला की माझे कान तापायचे.

आप्पा गेले ते बऱ्याच वर्षांनी, दोन हजारनंतर. मी इचलकरंजीहून माहेरी आले तेव्हा चौकात डिजिटल बोर्ड लागलाही होता. आप्पांचा फोटो, खाली श्रद्धांजली वाहणाऱ्या पुढाऱ्यांचे त्याहून मोठे फोटो, आणि मधोमध 'निर्भीड फळालेखक'. ते वाचून मला रडू आलं, आणि ते निव्वळ दुःखाचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की आप्पा गेल्याचं गुरुजींना कळवायला आमच्यातलं कुणी गेलेलं नाही. मीच निघाले. इतक्या वर्षांत त्या गल्लीत मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होते, आणि ती आमच्या दारापासून हाकेच्या अंतरावर होती. समाजमंदिराजवळ त्यांचा फळा दिसला. त्यासमोर गुरुजी उभे होते. केस पार पांढरे झालेले, हातात खडू. 'दुःखद निधन' लिहून झालं होतं आणि त्याखाली माझ्या वडिलांचं पूर्ण नाव होतं.

मी मागे येऊन उभी राहिले. त्यांनी वळून पाहिलं, ओळखलं. माफी मागायची म्हणून मी तोंड उघडलं.

"बरं झालं तूच आलीस पोरी," ते म्हणाले. "तुमच्यात रक्षाविसर्जन लिहितात न्हवं? वेळ काय लिहू?"

"उद्या सकाळी आठला," मी म्हणाले. करंडक मिळवलेल्या माझ्या तोंडून त्या दिवशी एवढंच निघालं.