एक नंबरच्या वरची ओळ

प्रिय ईशा आणि नील,

जुबेदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी शनिवारच्या वर्गाची हजेरी फाइलला लावत होते. इथे दुबईत, रास अल खोरच्या भाजीबाजारातल्या तिच्या ऑफिसातून कुणीतरी बोलत होतं, "आंटी, मॅडम खुर्चीवरच बसल्या बसल्या..." पुढचं मी ऐकलंच नाही. तिची लेक सना शाळेतून किती वाजता येते, एवढंच विचारलं. पाच आठवडे झाले, अजून मला एका जागी बसवत नाही.

जुबेदा रत्नागिरीची. नवरा सोडून गेला तेव्हा लेक दोन वर्षांची होती, आणि सना चालणार नाही हे कळून चुकलं होतं. एकटीनं मूल कसं उचलायचं, अंघोळ कशी घालायची, आपली पाठ कशी जपायची, हे ती आधी स्वतः शिकली. मग ऊद मेथातल्या एका हॉलमध्ये दर शनिवारी आपल्यासारख्याच एकट्या आईबापांना शिकवू लागली. मी नावं लिहायची, चटया घालायची. माझी शिस्त तुम्हाला ठाऊक आहे. उचलण्याच्या सात पायऱ्यांचा तक्ता मी लॅमिनेट करून नेला. तो वाचून ती म्हणाली, "मावशी, यल्ला, चला, चटईवर झोपा." मी आडवी होते न होते तोच तिनं मला उचलून व्हीलचेअरमध्ये ठेवलं.

"अगं, सांगशील तरी!" मी ओरडले. सगळे हसले.

"हेच राहिलंय तुमच्या तक्त्यात. पोर चालत नाही म्हणून ते सामान होत नाही." आणि एक नंबरच्या वर तिनं मार्करनं लिहिलं : आधी विचारा.

तरी मी चुकलेच. सनाला न्यायला तिचे मामू रत्नागिरीहून आले. तिकीट, शाळेचा दाखला, सगळं आम्ही दोघांनीच ठरवलं. मी यादी करून बॅगा भरल्या. पंधरा वर्षांची सना शेजारच्या खोलीत होती... संध्याकाळी तिला उचलायला वाकले, तर म्हणाली, "आजी, यू डिडन्ट आस्क."

"सॉरी. उचलू का?"

"नॉट दॅट." तिनं बॅगांकडे बोट दाखवलं.

मी यादी बाजूला ठेवली. "तुला कुठं राहायचंय, सना?"

"हिअर. टिल टेन्थ, ॲट लीस्ट."

"आणि तुला उचलणार कोण?" दारातून मामूंनी विचारलं.

"आय विल टीच यू."

मामूंना इथे नोकरी मिळेल का, सनाचा व्हिसा होईल का, काहीच ठरलेलं नाही. अर्ध्या रिकाम्या बॅगा दिसल्या की मी उठून येरझारा घालते. पण गेल्या शनिवारी मामू वर्गाला आले. बाह्या सरसावून सनाजवळ वाकले.

"वेट," ती म्हणाली, आणि भिंतीवरच्या तक्त्याकडे मान वळवली. मार्कर फिकट झालाय. मामूंनी खिशातून चष्मा काढला, जवळ जाऊन जुबेदाचं अक्षर वाचलं. मग परत येऊन गुडघ्यांवर बसले.

"उचलू का ग, बेटा?"