नापास मॅडमच्या गावी

पुण्याहून गाडीत बसले तेव्हा माझ्या पिशवीत दोन वह्या होत्या. एक शिक्षण खात्याच्या समितीने दिलेली, छापील रकान्यांची. दुसरी माझी स्वतःची, कोरी. त्या कोऱ्या वहीत मला वैजूच्या चुका लिहायच्या होत्या. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचा प्रवास कुणा निर्मळ मनाच्या बाईने केला असा कुणाचा गैरसमज नको.

माणूस दुसरी भाषा कसा शिकतो आणि ती त्याला कशी शिकवावी, हा माझा विषय. तीस वर्षं मी तेच केलं. त्यातली तीन गडचिरोलीकडे राहून गोंडी शिकण्यात गेली. प्रबंध झाला, पुस्तकं झाली, परिषदा झाल्या. वैजू म्हणजे वैजयंती ही माझी वसतिगृहातली खोलीमैत्रीण. ती पुलगावची. ‘मले’, ‘तुले’ म्हणायची आणि मी दर वेळी तिला ‘मला’, ‘तुला’ असं दुरुस्त करायची. दीड वर्षात तिने प्रबंध सोडला, गावाकडे गेली आणि प्राथमिक शिक्षिका झाली. मला तेव्हा हळहळ वाटली होती. खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं होतं.

आता जिकडेतिकडे वैजूचंच नाव. रोहण्याजवळच्या एका गोंड टोल्यावर (छोट्या वस्तीवर) तिची दोन खोल्यांची शाळा आहे. घरी गोंडी बोलणारी मुलं तिथे वर्षभरात धडाधड मराठी बोलू लागतात म्हणे. माझे विद्यार्थी मला तिचे व्हिडिओ पाठवतात आणि खाली लिहितात, ‘मॅडम, हे बघाच.’ मी बघते आणि माझ्या पोटात दुखतं.

तर वैजूची बदली ठरली होती. समितीने तिचा वर्ग चालू ठेवण्याजोगा ठरवला तरच ती टोल्यावर राहणार होती, नाहीतर जूनमध्ये दुसऱ्या गावी. पाहणीसाठी समितीने मला नेमलं. ती माझी मैत्रीण आहे हे मी सांगितलं नाही. मी तिच्यावर जळते का, हे तर कुणी विचारलंच नाही.

सकाळी वर्ध्याला उतरले. भाची सावंगीच्या दवाखान्यात नोकरीला आहे. तिच्याकडे आंघोळ उरकून आम्ही कोपऱ्यावरच्या टपरीवर तर्री पोहे खायला गेलो. शेजारी केरळची एक शिकाऊ नर्स उभी होती. ती टपरीवाल्याला म्हणाली, “भाऊ, तर्री कमी टाकजो, मले झेपत नाई.” तो हसला नाही, नुसती तर्री कमी टाकली. मी भाचीला विचारलं, ही कुठे शिकली? भाची म्हणाली, मराठीचा तास असतो की, पण खरं शिकवतात त्या पेशंटसोबत आलेल्या आज्या. बाकावर बसल्या बसल्या पोरींना पुढ्यात घेतात आणि बोलत राहतात. याच विषयावर माझे दोन शोधनिबंध आहेत. त्या क्षणी मला त्या आज्यांचाही हेवा वाटला.

वर्ध्याच्या स्टँडवर पाटी दिसली ‘आर्वी’ आणि मी बसून घेतलं. रोहणा आर्वी तालुक्यात, म्हणजे वाटेत लागणारच, असा माझा हिशेब. कंडक्टर तिकीट फाडायला आला आणि थबकला. “रोहन्याले जाता अन् यातनी काऊन बसल्या? हे गाडी खरांगण्यावरून जाते. तुमाले पुलगाववाली पायजे होती. इचारून घ्यायचं ना बाई.” विचारायचं मला सुचलं नव्हतं. तीस वर्षं लोकांना भाषा वापरायला सांगणाऱ्या बाईने तोंड उघडलं नव्हतं. आर्वीपर्यंत गेले आणि तिथून दुसरी बस धरून उलटी रोहण्याला आले. वाटेत कपाशीची शेवटची वेचणी चालू होती, संत्र्याच्या बागांतून ट्रक भरत होते आणि एके ठिकाणी बंद पडलेल्या छोट्या रेल्वेच्या पट्ट्यावर शेळ्या चरत होत्या. मला मात्र सगळ्या वाटेवर वैजूचाच चेहरा दिसत होता.

ती फाट्यावर स्कूटर घेऊन उभी होती. केस पांढरे झालेत, हसणं तेच. “दोन घंट्यापासून उभी हाये मी,” म्हणाली आणि माझी पिशवी हिसकावून घेतली.

शुक्रवारची दुपारची शाळा अजून चालू होती. मी मागे भिंतीशी बसले. वैजू पहिलीच्या मुलांसमोर मांडी घालून बसली, समोर पाण्याचा गंज (पातेलं) ठेवला आणि गोंडीतून बोलू लागली. मी कान टवकारले. दुसऱ्याच वाक्यात चुकली. मग पुन्हा चुकली. येर (पाणी) हा शब्द कसाबसा बरोबर आला, पण त्याच्या पुढेमागे सगळा आनंदच. मुलं खिदळत तिच्या अंगावर धावून जायची, आधी गोंडीतून दुरुस्त करायची, तरी तिला समजेना तेव्हा कंटाळून मराठीतून समजावायची. पिंकी नावाची पहिलीतली एक चिमुरडी तर वैजूची हनुवटी धरून तिच्याकडून शब्द घोटून घेत होती.

मी कोरी वही काढली आणि लिहीत सुटले. शाळा सुटेपर्यंत दोन पानं भरली. अकरा वर्षं टोल्यावर काढून बाईची गोंडी ही अशी! जी स्वतः दुसरी भाषा शिकू शकली नाही, ती मुलांना दुसरी भाषा काय शिकवणार? अहवालाचं पहिलं वाक्य मला तिथेच सुचलं. फार दिवसांनी इतका आनंद झाला होता.

भिंतीवर जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलेले अकरा कागद ओळीने चिकटवलेले होते. प्रत्येकावर वेगवेगळ्या वेड्यावाकड्या अक्षरांत एकच मजकूर होता: ‘वैजू मॅडम नापास.’ वैजू म्हणाली की संक्रांत झाली की पहिल्या शनिवारी मुलं तिची गोंडीची परीक्षा घेतात. पहिल्या वर्षापासूनची रीत. उद्या बारावी परीक्षा. मी म्हटलं, अकरा वेळा नापास? ती म्हणाली, “का करतं, डोकंच तसं हाये माह्यं.”

रोहण्यात तिच्या घरी संध्याकाळी जेवलो. सोले (तुरीचे ओले दाणे) घातलेली वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. तिच्या नवऱ्याने आग्रह करकरून वाढलं. मी दोन भाकरी खाल्ल्या. जिचं नुकसान करायचं तिच्याच घरचं जेवण इतकं गोड लागावं, याचा रागही आला. जेवताना मी सहज सुचवून पाहिलं की मुलं तुझ्या फार चुका काढतात गं. ती म्हणाली, काढतात ना, आणि मला आणखी भाजी वाढली.

शनिवारी सकाळची शाळा. टोल्याच्या विहिरीशी फुलाबाई म्हणून एक म्हातारी पाणी भरत होती. तिने वैजूला हाक मारली आणि दोघी बोलू लागल्या. फुलाबाईच्या सुनेचे दिवस भरले होते. कुठे न्यायचं, कोण सोबत जाणार, गाडी कुणाची सांगायची, हे सगळं बोलणं गोंडीतून. मी जागच्या जागी उभी राहिले. वैजू भराभर बोलत होती. एक चूक नाही. काल ज्या रूपांना चुकली म्हणून मी दोन पानं भरली, ती सगळी रूपं ती आता सहज बरोबर बोलत होती. मध्येच तिने काहीतरी चेष्टाही केली, म्हातारी पदर तोंडाला लावून हसली, आणि ती चेष्टा मला कळली नाही. तीन वर्षं गोंडीत घालवूनसुद्धा.

आदल्या दिवशीचा आनंद खाडकन उतरला. म्हणजे हिला येतं. माझ्यापेक्षा चांगलं येतं. चुका तेवढ्या हातातल्या होत्या, त्याही गेल्या.

शाळेत परीक्षेची तयारी झाली होती. चौथीतली रजनी मुख्य परीक्षक. सुपात वस्तू मांडल्या होत्या: अंडं, खराटा, भोपळा, कुऱ्हाडीचा दांडा, मडक्याचं झाकण. वस्तू उचलायची आणि तिचं नाव घेऊन तिचं काय करतात ते गोंडीतून सांगायचं. वैजूने खराटा उचलला आणि असं काही सांगितलं की पहिलीची पोरं जमिनीवर लोळली. आठवडाभर तोंड न उघडलेला एक मुलगा होता म्हणे, तोही उठून आधी गोंडीतून ओरडू लागला, मग मराठीतून, मग दोन्ही मिसळून. कुणी तिचा हात धरून झाडून दाखवलं, कुणी भोपळा कापायचा आव आणला. अर्धा तास वर्गात नुसता कल्लोळ. शेवटी रजनीने निकाल दिला: नापास. टाळ्या पडल्या.

मग मीच पुढे झाले. मला कुणी बोलावलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला या मुलांना दाखवायचं होतं. मी अंडं उचललं आणि स्पष्ट, शुद्ध गोंडीतून सांगितलं. मुलांचे डोळे मोठे झाले. मग खराटा, भोपळा, दांडा. मी सगळं बिनचूक सांगितलं. तिसऱ्या वस्तूला हसू थांबलं होतं. चौथ्या वस्तूला काही मुलं दाराकडे बघू लागली. पाचवी उचलली तेव्हा वर्ग इतका शांत झाला होता की बाहेरच्या कोंबड्या ऐकू येत होत्या.

रजनीने खालमानेने कागदावर लिहिलं: ‘पुण्याच्या मॅडम पास.’ टाळ्या वाजल्या, पण त्या पाहुण्यांसाठी वाजवतात तशा. पिंकी माझ्याजवळ आली, कागद माझ्या हातात दिला आणि विचारलं, “आता तुमी कवा जान?”

मी विचारलं, का गं?

“पास झाल्या ना तुमी. पास झाल्यावर शाळेत थोडी राह्यतेत.”

तिच्या बोलण्यात खोच नव्हती. तिचा भाऊ चौथी पास होऊन रोहण्याच्या मोठ्या शाळेत गेला होता, तेवढाच तिचा हिशेब. मी कागदाची घडी करून तो पिशवीत ठेवला. बाहेर पडताना रजनीने माझी ओढणी ओढली आणि कानाशी येऊन म्हणाली, “आमच्या मॅडमले सगळं येते. पन पयलीच्या लेकराईले सांगू नोका.”

फाट्यावर बसची वाट बघत आम्ही दोघी लिंबाखाली बसलो. मी वैजूला सरळच विचारलं, सगळं येत असताना अकरा वर्षं हे कशासाठी?

“पयल्या वर्षी खरंच चुकत होती मी. लेकरं हासले, अन् हासता हासता बोलाले लागले. मंग मले येऊन गेलं. पन आता त्याईले कसं सांगू का मले येते म्हनून? शाळेत आल्यावर त्याईच्याजोळ मले द्यासारकी गोंडीच तेवढी राह्यते ना.”

मग ती म्हणाली, “तू मले सुधरवत जाय ना होस्टेलात, तवा लय बरं वाटे तुले. मी पाहे तुह्या तोंडाकडे. तेच तोंड मले या लेकराईचं पाह्यचं होतं.”

म्हणजे तिची पद्धत जिथून निघाली, तिथे मीही होते, आणि मला पत्ता नव्हता. ती ‘मले’ म्हणायची ते मुद्दाम होतं का, हे विचारायचा धीर झाला नाही.

बस आली. माझ्या खिडकीखाली उभी राहून ती म्हणाली, “येजो.” शाळा सुटून मुलंही फाट्यापर्यंत आली होती. त्यांनी हात हलवले. बस सुटायच्या आतच ती वैजूभोवती गोळा झाली, आणि पिंकी पुन्हा तिची हनुवटी धरून काहीतरी घोटून घ्यायला लागली. मुलांपैकी मला कुणी परत या म्हटलं नाही. पास झालेल्याला कोण म्हणतं?

परतीच्या गाडीत मी समितीची वही उघडली. एक रकाना होता: शिक्षिकेचे स्थानिक भाषेचे ज्ञान. त्यात ‘उत्तम’ लिहिलं तर अहवालाची प्रत शाळेत लागेल आणि पहिलीतलं कुणीतरी मोठ्या भावाकडून ती वाचून घेईल आणि गुपित फुटेल. ‘अपुरे’ लिहिलं तर ती जूनमध्ये जाईल. आणि ‘अपुरे’ लिहायला माझ्याकडे दोन पानं पुरावा होता, माझ्याच अक्षरातला. बडनेऱ्यापर्यंत मी पेन हातात घेऊन बसून होते. हात कुठे जायला बघत होता ते माझं मला ठाऊक. मग लिहिलं: ‘विद्यार्थ्यांच्या परीक्षेत बारा वर्षे सलग नापास. त्यामुळेच यांना याच शाळेत ठेवावे, अशी ठाम शिफारस.’ खाली फक्त समितीपुरती म्हणून सविस्तर सहा पानं जोडली, आणि माझ्या कोऱ्या वहीतली ती दोन पानं फाडली.

समितीने वर्ग चालू ठेवला. सगळे मला मोठ्या मनाची म्हणतात. तसं काही नाही. मला वैजूचा अजूनही हेवा वाटतो, आता तर जास्तच. आधी तिच्या नावाचा वाटायचा, आता भिंतीवरच्या त्या बारा कागदांचा वाटतो. माझ्या अभ्यासिकेत पदव्या, सन्मानपत्रं लावलेली आहेत. रजनीने लिहिलेला कागद मी त्यांच्यात लावलेला नाही. तो टेबलाच्या खणात आहे. अधूनमधून काढून वाचते: पुण्याच्या मॅडम पास. मग ओरडत येऊन माझी चूक काढेल असं कुणी घरात नसतं, आणि मी खण लावून घेते.