फेर कशाचा?

हुकूम सहीला ठेवला की आमचे बडेबाबू सहीच्या जागेवर पंजा पसरायचे आणि विचारायचे, "साहेब, समोरच्याचं ऐकलं ना?" 'हो' म्हटल्याशिवाय पंजा उठत नसे. असे हेडक्लार्क तुम्हीही पाहिले असतील. साहेबलोकांना ते सोसत नाहीत. मलाही सोसत नव्हते.

लातूर जिल्हा नवा, विक्रीकर कार्यालय नवं, आणि मी अधिकारी त्याहून नवा. दुष्काळानं कार्यालयाचा माठ कोरडा, पण माझ्या अंगात रग भरपूर. बडेबाबू रजेवर गेल्याची संधी साधून मी अहमदपूरच्या एका पेंडवाल्या आप्पांची नोंदणी रद्द करून टाकली. विवरणपत्र भरलं नव्हतं. 'पुकारा केला, गैरहजर,' असं झोकात लिहिलं.

आठवड्यानं आप्पा आले. "विक्रीकराचा नंबर गेला, मिलवाला पेंड देईना. गावची जनावरं काय खातील साहेब?"

"सुनावणीला का आला नाहीत?"

"आलतो की! दिवसभर बसलो. तुमीच नव्हता."

रजेवरून परतलेल्या बडेबाबूंनी नोटीस वाचली आणि गुपचूप माझ्यापुढे सरकवली. सुनावणीचं ठिकाण, माझ्याच अक्षरात: उस्मानाबाद. शाळेपासूनच्या सवयीनं लातूरचा जुना जिल्हा लिहून मी लातुरात पुकारा करत होतो आणि आप्पा तिकडं माझी वाट पाहत होते. म्हणजे गैरहजर मीच!

मी कायद्याआड लपलो. "फेरविचाराचा अधिकार मला नाही. अपील करा म्हणावं."

बडेबाबू म्हणाले, "तवर जनावरं थांबतील व्हय? अन् फेरविचार कोण म्हणून राहिलं, साहेब? पहिला विचारच झाला न्हाई, तर फेर कशाचा? न ऐकता दिलेला हुकूम ज्यानं दिला त्यानंच मागं घ्यायचा."

"मी अजून नोकरीत कायम नाही हो! वरचे काय म्हणतील?"

"म्हंतील, नवा साहेब चुकला. खरंच हाय की."

मी 'कार्यालयीन चुकीमुळे' असं लिहिलं. बडेबाबूंनी 'माझ्या' करायला लावलं. "कार्यालयाला हात नसतात, साहेब."

हुकूम मागे घेतला. आप्पांचा नंबर त्याच दिवशी जिवंत झाला. नवी तारीख पडली; तिच्या आदल्या दिवशी बडेबाबू निवृत्त होऊन कंधारला गेले.

सुनावणीला आप्पा तासभर बोलले. पेंड, आटलेली विहीर, उदगीरची लेक. दुष्काळात मुनीम गाव सोडून गेला म्हणून विवरणपत्र राहिलं, हे अगदी शेवटी. मी सगळं ऐकलं. नोंदणी कायम ठेवली आणि म्हणालो, "बडेबाबू, लिहून घ्या."

शेजारी नुसती खुर्ची. आप्पांना माझी दया आली. "सांगा साहेब, म्या लिहितो."

"आपला निकाल आपणच लिहायचा नसतो, आप्पा," मी म्हणालो, आणि उठून त्या खुर्चीत जाऊन लिहायला बसलो.